टीचरची गाडी डावीकडे ओढते

सुरुवातीलाच सांगतो, माझ्या गॅरेजच्या दाराला लिंबू-मिरची नाही. अमावास्येला कुणी गाडी घेऊन आलं तर मी परत पाठवत नाही... उलट त्या दिवशी गर्दी कमी असते, तेवढीच कमरेला विश्रांती. चिंचोटीच्या रस्त्यावर गाडी आपोआप बंद पडली, घाटात कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखं वाटलं, असल्या कहाण्या घेऊन येणारी माणसं मी आयुष्यभर ऐकलीत. आपोआप बंद पडलेल्या गाडीत मला कधी फ्युएल पंप गेलेला सापडला, कधी बॅटरीची ढिली वायर. भूत एकदाही सापडलं नाही.

भुताखेतांच्या अनुभवांचा हा ग्रुप वाचते ती माझी बायको. ती मोठ्याने वाचते आणि मी आडवा पडून पाठ शेकत ऐकतो. तीच मागे लागली की तो टीचरच्या गाडीचा किस्सा लिही. मी टाळत होतो, कारण लिहिलं की खाली लोक मला टायर प्रेशर चेक करायला सांगणार. केलं होतं. सगळ्यात आधी तेच केलं होतं.

माझं गॅरेज वसई पश्चिमेला, पापडीच्या अलीकडे. राहायला बोळिंजला. मूळचे आम्ही रत्नागिरीकडचे, पण माझी शाळा वसईतच झाली आणि तिथे फिलोमिना टीचर मला गणित शिकवायच्या. त्यांचं घर गिरीजला... केळी, नारळ, थोडी भाजी अशी वाडी, मध्ये कौलारू घर. त्यांच्या पडवीत उभी असते ती गाडी. क्रीम रंगाची, लांबलचक बोनेटची परदेशी गाडी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर मॉडेलच्या वर्षावरून इथे भांडणं लागतील. पुढची सीट एकसंध, सोफ्यासारखी. गिअर स्टेअरिंगच्या दांड्यालाच. पॉवर स्टेअरिंग वगैरे नाही, वळवायला मनगटात जोर लागतो.

ही गाडी टीचरच्या नवऱ्याची, इनासकाकांची. मुंबईच्या एका मिलमध्ये फोरमन होते. मिल बंद होताना मालकाची जुनी गाडी त्यांनी घेतली आणि पोरासारखी सांभाळली. गिरीजमधल्या कितीतरी नवऱ्या या गाडीत बसून चर्चला गेल्यात, बोनेटवर फुलांची माळ, पुढे बँड आणि स्टेअरिंगवर इनासकाका, सूट घालून. पुढे साखरेने त्यांची नजर गेली. तेव्हा टीचर रिटायर झाल्या होत्या. त्यांनी त्या वयात गाडी शिकायला घेतली, शेजारी इनासकाका बसून शिकवायचे. मग काका गेले. गाडी वर्षभर कापडाखाली झाकलेली होती. एके दिवशी टीचरनी कापड काढलं आणि रविवारच्या मिसाला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, स्वतः गाडी घेऊन गेल्या. सगळ्या गावाने बघितलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्या गॅरेजमध्ये आल्या. म्हणाल्या, "संजय, गाडी डावीकडे ओढते."

आता गाडी एका बाजूला ओढते ही तक्रार आमच्याकडे रोजची आहे. सर्दी-खोकल्यासारखी. माझी पद्धत ठरलेली. मालकालाच गाडी चालवायला सांगायची आणि आपण शेजारी बसायचं. त्यामुळे गाडीचा दोष कळतो आणि मालकाचाही. मला ज्यांनी काम शिकवलं त्यांचीही हीच पद्धत होती आणि तोवर ती कधी चुकली नव्हती. टीचर स्टेअरिंगवर, मी डाव्या बाजूला. भुईगावच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आलो. गाडी दोरीत चालली. मी म्हटलं, "टीचर, हात जरा सोडा बघू." त्यांनी सोडले. गाडी तरीही सरळ.

तरी टायर डावे-उजवे बदलले. टायरचा दोष असेल तर ओढ उजवीकडे जाते. अलाइनमेंट केली, आधी मशीनवर आणि मग समाधान नाही म्हणून जुन्या पद्धतीने दोरी लावून. गाडी दिली. आठवड्याभरात टीचर परत. या वेळी डावा आरसा तुटलेला होता आणि दरवाजावर भिंतीचा चुना.

"परत ओढली," त्या म्हणाल्या. "समोरून रिक्षा आली आणि हिने मला भिंतीत घातलं."

मी जॅक लावला. डावा ब्रेक धरून ठेवत असेल तर गाडी त्या बाजूला जाते, म्हणून चाक हाताने फिरवून बघितलं. मोकळं. फिरवून आणल्यावर ड्रमला हात लावून बघितला. दोन्हीकडे सारखाच गरम. टायरॉड एंड बदलले. आयडलर आर्मचा बुश बाजारात मिळेना, लेथवर करून घेतला. शेवटी स्टेअरिंग बॉक्स खाली उतरवला, उघडला, प्ले म्हणजे ढिलेपणा काढला, नवीन ऑइल भरून परत बसवला. हे सगळं वैशाखात, पत्र्याखाली, पाठीवर झोपून. संध्याकाळी घरी गेलो की बायको फक्त चहा पुढे करायची, काही विचारायची नाही. गाडी दर वेळी बरी होऊन जायची आणि दर वेळी नवीन ओरखडा घेऊन परत यायची. इतका वैतागलो होतो की फोनवर टीचरचं नाव दिसलं तरी कंबर दुखायला लागायची.

टीचरनी फादरकडून गाडीवर पवित्र पाणीही शिंपडून घेतलं. फादर म्हणाले म्हणे, प्रार्थना करतोच, पण ब्रेकही बघून घ्या. मला फादर आवडले.

मग एकदा टीचरचा मुलगा विल्सन आला. तो बोळिंजलाच राहतो, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून, आणि अंधेरीला नोकरीला जातो. गाडी बाजूला लावून म्हणाला, "दादा, खरं सांगू का? गाडीत काय नाय. मी स्वतः एकटा स्टेशनपर्यंत घेऊन गेलो. एकदम मक्खन. मम्मीचं वय झालंय यार."

"डॉक्टरना दाखवलं?"

"दाखवलं ना. डोळे ओके, हात ओके. पण हातांना भ्रम होतो की नाय? गेल्या आठवड्यात ती अनुसयामावशी, कोपऱ्यावर भाजी घेऊन बसते ती... वाचली थोडक्यात. टोपल्या गेल्या. आमच्या बाजूचा फ्लॅट रिकामा झालाय. मी मम्मीला तिकडेच आणणार. वाडी कुणाला तरी करायला देऊ. ती तयार नाय. तिचं म्हणणं, दोष गाडीचा आहे, माझा नाय. तू तिचा स्टुडंट ना? तू एकदा बोल, गाडीत काय नाय. मग ती ऐकेल."

म्हणजे पंचाईत अशी झाली की मी "गाडी ठीक आहे" म्हटलं तर टीचरचं घर सुटणार. आणि गाडी ठीकच होती. मी एकटा चालवली तरी सरळ जायची. विल्सन चालवतो तरी सरळ. टीचरच्या शेजारी मी बसलो तरी सरळ. वाईट वाटत होतं, पण हिशोब साफ दिसत होता. दोष माणसाचा आहे.

टीचरना सांगायला गिरीजला गेलो. त्या पडवीत भिजवलेले वाल सोलत होत्या. मी बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या, "विल्सनने पाठवलंय ना?"

मी समोर बसून वाल सोलायला घेतले.

"बोळिंजला मी काय करणार संजय? लिफ्टमधून खाली उतरायचं आणि लिफ्टमधून वर चढायचं. इथे सकाळी केळीला पाणी सोडलं की माझा दिवस सुरू होतो. रविवारी मिसा, मग काकांच्या कबरीवर फुलं, मग बाजार. हे सगळं गाडीवर चालतं. गाडी गेली की उरलेलंही जाईल, मला माहीत आहे." आणि मग एक वाक्य सहज म्हणाल्या, "तू शेजारी बसलास की ही बया शहाणी होते. मी एकटी असले की हिच्या अंगात येतं."

तिथे मी अडकलो. कारण ते खरं होतं. प्रत्येक ओरखड्याच्या वेळी त्या एकट्या होत्या. आणि प्रत्येक टेस्टला मी शेजारी. माझ्या पद्धतीनेच दोष झाकला जात होता. मनात आलं, डाव्या बाजूला वजन नसताना सस्पेन्शन वर उचललं जात असेल आणि चाकाचा कोन बदलत असेल. थकलेल्या डोक्याला एवढं कारण पुरेसं होतं. मला एकदम हुशारी आली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या डाव्या सीटवर सिमेंटची गोणी ठेवली, माझ्या वजनाच्या जवळपास. टीचर गोणीकडे बघून म्हणाल्या, "आता याच्याशी काय गप्पा मारू?" मी स्कूटरवर मागे. गिरीजच्या आतल्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना वाड्यांच्या भिंती, वरून केळीची पानं. समोरून एक टेम्पो आला आणि माझ्या डोळ्यांदेखत गाडीची पुढची चाकं डावीकडे वळली. टीचरनी ब्रेक मारला. भिंतीला लागायला वीतभर राहिली होती.

गोणी काढली. शेजारच्या सेलिनबाईंना बसवलं. तोच रस्ता, समोरून दोन रिक्षा आणि एक बुलेट. गाडी सरळ.

म्हणजे वजन नाही. त्या जागी माणूस बसलेला असला की गाडी गपगुमान चालते, जागा रिकामी असली की ओढते, आणि तेही फक्त टीचर चालवत असताना. हे वाक्य मी तुम्हाला लिहून दाखवतोय, पण तेव्हा मनातल्या मनात म्हणायलाही मला लाज वाटत होती. गाडीला कसं कळणार कोण बसलंय?

मग एकच उपाय उरला. पुढची डावी जागा मोकळी ठेवायची आणि मी मागे बसायचं.

रविवारचा दिवस होता. मिसा संपली, टीचर दफनभूमीत फुलं ठेवून आल्या, मोत्याचे टॉप्स, फिक्या निळ्या रंगाची साडी. मी मागच्या सीटवर मधोमध बसलो, पुढे वाकून, म्हणजे त्यांचे हात आणि स्टेअरिंग दोन्ही दिसतील. ऊन चांगलं चढलं होतं. काच खाली, रस्त्याला माणसं, कोंबड्या, सगळं नेहमीचं. भीती वाटावी असं काही नव्हतं. मला खरं तर झोप येत होती.

चर्चपासून बरंच अंतर गाडी नीट गेली. मग अनुसयामावशी बसते त्या वळणावर समोरून पाण्याचा टँकर आला. आमच्याकडचे टँकरवाले कसे चालवतात ते वसईकरांना सांगायला नको. टीचरनी गाडी थोडी हळू केली, पुरेशी जागा होती, आणि तेवढ्यात स्टेअरिंग डावीकडे गेलं.

मी नीट लिहितो, कारण या धंद्यात आयुष्य गेलंय. गाडीचा दोष असेल तर ओढ सारखी असते. टायरची असो, ब्रेकची असो, ती एका लयीत ओढते, हाताला कळते. ही तशी नव्हती. ओढलं... जरा सोडलं... परत ओढलं. दोन हातांत चाक घट्ट धरलेलं, टीचरची बोटं पांढरी पडलेली, आणि चाक त्यांच्या हातांसकट वळत होतं. मी सीटवरून पुढे हात घातला आणि चाक उजवीकडे दाबलं. पलीकडून जोर होता. चाकांकडून येणारा जोर खालून, दांड्यातून येतो. हा जोर वरच्या कडेला, डाव्या बाजूने लागला होता. रिकाम्या सीटकडून.

डावीकडे अनुसयामावशी टोपल्यांच्या मागून उठायला लागली होती.

तेव्हा टीचर बोलल्या. माझ्याशी नाही. त्यांच्या घरच्या बोलीत बोलल्या, मला ती कळते पण लिहिता येणार नाही, म्हणून साध्या मराठीत सांगतो. आवाज चढवला नाही. वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाला सांगायच्या, तशाच म्हणाल्या, "हात काढा. गाडी मी चालवतेय."

चाक सुटलं. इतकं पटकन सुटलं की माझा जोर वाया गेला आणि गाडी जराशी उजवीकडे गेली. टीचरनी सावरली. टँकर बाजूने निघून गेला. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

अनुसयामावशी काचेपाशी आली. "टीचर, आमी बी म्हातारी झालोय, पन मरायची घाई नाय आमाला," ती म्हणाली आणि मग टीचरचा चेहरा बघून मागे गेली, लोट्यात पाणी घेऊन आली. "पानी प्या आदी."

टीचर पाणी प्यायल्या. मी मागेच बसून राहिलो, उतरायचं सुचलं नाही. थोड्या वेळाने समोर बघतच त्या म्हणाल्या, "गाडी शिकवताना काका असेच करायचे. समोरून सायकल आली तरी हात घालायचे. दाब दाब, डावीकडे दाब. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, तरी आधी त्यांचा हात स्टेअरिंगवर. मी कधी काही बोलले नाही. घरातही असंच होतं रे... भाजीत मीठ मी घालायचे आणि चमचा ते फिरवायचे. आणि मी कधी बोलले नाही. माणूस चांगला होता. काळजीने करायचा. काळजी करणाऱ्याला काय बोलणार?"

मी उतरून लोटा अनुसयामावशीला परत देऊन आलो.

त्या दिवसापासून गाडीने एकदाही डावीकडे ओढलं नाही. एकट्या चालवताना नाही, टँकर आल्यावर नाही. पावसाळा गेला, दरवाजाचे ओरखडे मी घासून रंगवून दिले, नवीन एकही आला नाही. विल्सनने फोन केला, "दादा, काय चेंज केलंस?" मी म्हटलं, "मी काहीच नाही केलं." त्याला तो माझा विनय वाटला. फ्लॅटचा विषय त्याने सोडून दिला. टीचर गिरीजलाच राहिल्या, वाडी त्यांच्याच हातात राहिली.

मला विचाराल तर माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. मी बरेचदा झोपताना विचार करतो. त्यांच्याच मनाने त्यांचे हात वळवले असतील, असं बायको म्हणते. असेल. पण मग माझ्या हाताला पलीकडून जोर लागला तो कोणाचा? तोही मनाचा म्हणावा, तर माझं काकांशी काय देणंघेणं होतं? मी थकलोय यावर विचार करून. ज्या गाडीचा दोष सापडत नाही ती गाडी मेकॅनिकच्या डोक्यातून जात नाही, एवढं मात्र खरं.

एवढ्यावर थांबणार होतो, पण गेल्या महिन्यातलं सांगतो, कारण मला ते जास्त जड गेलं.

दुपारी जेवून गॅरेजमध्ये टेकलो होतो. टीचरची गाडी आत आली. इंजिनचा आवाज छान, गाडी अगदी सरळ येऊन उभी राहिली. मला वाटलं सर्व्हिसिंग असेल. टीचर उतरल्या. बोनेटवरून हात फिरवत राहिल्या. त्या बारीक झाल्या होत्या.

"काय झालं टीचर? परत ओढते का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "अजिबात नाही ओढत." मग जरा वेळाने म्हणाल्या, "मी म्हटलं हात काढा, तर त्यांनी सगळाच काढला. मला तसं म्हणायचं नव्हतं. रोज चालवते मी. मुद्दाम त्या वळणावरून जाते, टँकर यायची वाट बघत थांबते. शेजारी कुणी नसतं संजय. आधी वाटायचं एकटी आहे, पण तेव्हा नव्हते. आता आहे."

मी स्टूल पुढे केलं. त्या बसल्या नाहीत.

"ते डावीकडे ओढायचं ना..." त्या म्हणाल्या. "ते परत करता येईल का रे? थोडंसंच. भिंतीला लागणार नाही इतपत."

इतकी वर्षं माणसं माझ्याकडे दोष काढायला येतात. परत घालून दे म्हणणारं त्याआधी कुणी आलं नव्हतं. आणि ते मला येत होतं, हेच वाईट. डाव्या टायरची थोडी हवा काढली, टायरॉडला थोडा पीळ दिला की कुठलीही गाडी डावीकडे ओढते. पण टीचरच्या मनगटांना फरक कळला असता. ती ओढ खालून आली असती.

"बघतो," मी म्हणालो. जॅक आणला, गाडीखाली गेलो आणि बराच वेळ तिथे नुसता पडून राहिलो. टीचर बाजूला उभ्या होत्या, मला त्यांच्या चपला दिसत होत्या. त्यांनी घाई केली नाही.